जखमी मेंदूपर्यंत वनस्पतिज औषध नेताना

डोक्याला मार लागलेला रुग्ण अतिदक्षता विभागात आला आणि मेंदूला सूज असली, की सलाइनच्या स्टँडवर बहुधा मॅनिटॉलची बाटली चढते. थंडीच्या दिवसांत या बाटलीत सुईसारखे स्फटिक दिसतात. वीस टक्क्यांचे द्रावण गार झाले की मॅनिटॉल पाण्यातून बाहेर पडते. मग सिस्टर बाटली गरम पाण्यात ठेवतात, ती उजेडात धरून एकही स्फटिक उरला नाही याची खात्री करतात आणि मगच लावतात. मॅनिटॉल मुळात झाडाचे. दक्षिण युरोपातल्या मॅना ॲश या झाडाच्या वाळलेल्या गोड चिकातून ते १८०६ साली प्रूस्ट या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने वेगळे केले. आज ते कारखान्यात साखरेपासून बनते, पण मार लागलेल्या मेंदूसाठी वनस्पतीतून मिळालेले औषध ही कल्पना नवी नाही, हे त्यावरून लक्षात यावे.

मॅनिटॉल निरोगी मेंदूत शिरत नाही, आणि शिरत नाही म्हणूनच उपयोगी पडते. रक्तात राहून ते मेंदूतले पाणी बाहेर ओढते. जिथे रक्तवाहिन्यांची भिंत फुटलेली असते तिथे ते आत झिरपू शकते, आणि मग सूज उलट वाढण्याची भीती असते. ज्या वनस्पतिज रेणूंकडून मेंदूच्या आत काम करून घ्यायचे आहे, त्यांची अडचण नेमकी उलटी आहे. ते आत पोहोचतच नाहीत. त्यांना पोहोचवण्यासाठी गेली काही दशके नॅनोकणांचे प्रयोग चालू आहेत. त्या प्रयोगांची तपासणी करताना मी हळदीतल्या कुर्क्युमिनचे उदाहरण धरतो, कारण त्यावर उदंड लिहिले गेले आहे आणि आपल्याकडे त्याच्याबद्दल जिव्हाळाही आहे. माझे म्हणणे आधीच मांडतो. औषध पोहोचणे आणि औषध लागू पडणे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नॅनोकण पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतात. दुसऱ्याचे उत्तर त्या रेणूलाच द्यावे लागते. आणि कण स्वतःही शरीरात काही ना काही करतो, म्हणून त्यालाही औषधाइतकेच कठोरपणे तपासावे लागते.

मारानंतरची इजा

भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी सांगते. अशा मृत्यूंत आणि कायमच्या अपंगत्वात डोक्याच्या इजेचा वाटा मोठा असतो. दुचाकीवरून पडून डोके आपटते तेव्हा काही क्षणांत जे फाटते, चिरडते, ताणले जाते, ती पहिली इजा. तिच्यावर औषध नाही. तिच्यावर हेल्मेट हाच उपाय आहे. औषधाला वाव आहे तो त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत.

फुटलेल्या चेतापेशींमधून ग्लुटामेट बाहेर सांडते. ते शेजारच्या पेशींना अतिउत्तेजित करते, त्यांच्यात कॅल्शियम घुसते आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया कोलमडतात. त्यातून मुक्त मूलके सुटतात आणि पेशींच्या स्निग्ध आवरणांवर हल्ला चढवतात. मेंदूतल्या मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी खवळतात, दाहकारक रसायने सोडतात, सूज वाढते. कवटी हाडाची; तिच्या आत फुगायला जागा नाही. दाब वाढला की रक्तपुरवठा घटतो आणि जो भाग अपघातात वाचला होता तोही मरू लागतो. ही साखळी अनेक ठिकाणी तोडता येईल असे कागदावर दिसते, आणि कुर्क्युमिनसारख्या रेणूंचे आकर्षण त्यातूनच आले. प्रयोगशाळेत ते मुक्त मूलकेही शमवते आणि दाहाचे संकेतही दाबते, म्हणजे एकाच रेणूकडून साखळीच्या दोन-तीन कड्यांवर काम होण्याची आशा.

हळद कुठे अडते

फोडणीत हळद घातली की तेल लगेच पिवळे होते. नुसत्या पाण्यात तीच हळद तळाशी बसते. कुर्क्युमिन स्निग्धात विरघळते, पाण्यात जवळजवळ नाही. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, तीही याच रेणूची खूण: अल्कधर्मी द्रावणात त्याचे रूप बदलते आणि तो टिकत नाही. रक्त किंचित अल्कधर्मी असते. शरीराच्या तापमानाला ठेवलेल्या, जवळजवळ तेवढ्याच सामूच्या साध्या द्रावणात अर्ध्या तासात सुमारे नव्वद टक्के कुर्क्युमिन विघटित होते, असे १९९७ सालच्या मोजमापात दिसले. रक्तातल्या प्रथिनांच्या सोबतीने ते जरा जास्त तग धरते.

तोंडावाटे घेतले तर आतडे आणि यकृत त्याची झपाट्याने विल्हेवाट लावतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज आठ ग्रॅमपर्यंत कुर्क्युमिन माणसांना दिले गेले. हळदीत ते साधारण तीन टक्के धरले, तर ही मात्रा पाव किलोहून अधिक हळदीइतकी होते. एवढे देऊनही रक्तातली सर्वोच्च पातळी लिटरमागे दोन मायक्रोमोलच्या आतच राहिली. बशीतल्या पेशींवर परिणाम दाखवायला सहसा याच्या कितीतरी पट मात्रा वापरतात, आणि वरचा आकडा रक्तातला आहे, मेंदूतला नव्हे.

मिऱ्याचा उपाय सगळ्यांनी ऐकलेला असतो. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले की मिऱ्यातले वीस मिलिग्रॅम पायपरीन सोबत दिले तर माणसात कुर्क्युमिनची उपलब्धता दोन हजार टक्क्यांनी वाढते. आकडा खरा आहे, पण तो वाचताना मूळ पातळी जवळजवळ शून्य होती हे विसरू नये. शिवाय पायपरीन यकृताचा हात धरून ठेवते, तो इतरही कित्येक औषधांसाठी. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन देतात. त्याचीही रक्तातली पातळी पायपरीनमुळे वाढते, आणि फेनिटॉइनची सुरक्षित मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. निरोगी माणसाच्या हळददुधात मिरी असणे वेगळे आणि बेशुद्ध रुग्णाच्या नळीत पायपरीन जाणे वेगळे.

भिंत

आता समजा कुर्क्युमिन रक्तात टिकले. पुढे मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत आहे. पॉल एर्लिख यांनी १८८५ साली प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले तेव्हा सगळी इंद्रिये रंगली, मेंदू मात्र कोरा राहिला. त्यांचे शिष्य गोल्डमन यांनी १९१३ साली रंग मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. ही अडवणूक नेमकी कुठे होते ते १९६७ साली रीस आणि कार्नोव्हस्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले: मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या अस्तरपेशी एकमेकींना इतक्या घट्ट जुळलेल्या असतात की मधून वाट उरत नाही. माणसाच्या मेंदूतल्या या केशवाहिन्यांची एकूण लांबी सहाशे किलोमीटरच्या आसपास धरतात. म्हणजे दार उघडले तर औषध प्रत्येक चेतापेशीच्या अगदी जवळ पोहोचेल. पण या पेशींत नको असलेले रेणू परत रक्तात फेकणारे पंपही असतात, आणि स्निग्धात विरघळणारी कित्येक वनस्पतिज द्रव्ये त्या पंपांच्या तावडीत सापडतात.

मार लागलेल्या मेंदूत ही भिंत काही ठिकाणी उसवते. जखमेभोवतीचा हा गळका भाग नॅनोकणांसाठी आयते दार ठरतो. २०१६ साली ॲरिझोनातल्या संशोधकांनी मार दिलेल्या उंदरांच्या रक्तात वीस ते पाचशे नॅनोमीटर व्यासाचे कण वेगवेगळ्या वेळी सोडून पाहिले. इजेनंतर पहिल्या तासाभरात सर्व आकारांचे कण जखमेच्या जागी साचले. नंतर दार अरुंद होत गेले आणि मोठ्या कणांची वाट आधी बंद झाली. घाटात अपघात झालेला माणूस तालुक्याच्या रुग्णालयातून मोठ्या शहरात पोहोचेपर्यंत किती वेळ जातो हे ज्याला माहीत आहे, त्याला या एका निरीक्षणाचे वजन कळेल. नुसत्या गळतीच्या भरवशावर राहणारे औषध आपल्याकडे बहुतेकांच्या बाबतीत उशिराच पोहोचेल.

कण नेमके काय करतात

माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. औषधासाठी वापरतात ते कण बहुतेक वीस ते दोनशे नॅनोमीटरचे. त्यांचे प्रकार पुष्कळ आहेत, पण मुख्य तिघांची ओळख पुरे. पहिला लायपोसोम: स्निग्ध आवरणाची पोकळ गोळी, जी ॲलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ओळखली. महाराष्ट्राला ती २०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत चांगली माहीत झाली. नातेवाईक दारोदार शोधत होते ते लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन, म्हणजे मूत्रपिंडाला कमी इजा व्हावी म्हणून त्याच जुन्या औषधाला दिलेले नॅनोरूप. दुसरा पीएलजीए या विरघळणाऱ्या बहुवारिकाचा कण. शस्त्रक्रियेतले विरघळणारे टाके याच कुळातल्या द्रव्याचे असतात, आणि तो शरीरात लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांत मोडतो. तिसरा अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनाचा.

वनस्पतिज औषध आणि नॅनोकण ही जोडी कर्करोगात सिद्ध झालेली आहे. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून मिळालेले पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. ते एरंडेलापासून केलेल्या एका द्रावकात द्यावे लागे आणि तो द्रावकच तीव्र ॲलर्जी उठवी. २००५ साली अमेरिकेत सुमारे १३० नॅनोमीटरच्या अल्ब्युमिन कणांतले पॅक्लिटॅक्सेल मंजूर झाले आणि तो द्रावक लागेनासा झाला. २०१५ मध्ये इरिनोटेकान लायपोसोममधून आले. इरिनोटेकान ज्या कॅम्पटोथेसिनपासून बनते, ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही भरपूर असते, आणि त्यापायी आंबोली-कोकणातली नरक्याची झाडे चोरून तोडली गेली. या यशाकडे पाहताना एक फरक ध्यानात ठेवावा. पॅक्लिटॅक्सेल पेशी मारते हे आधीच पक्के होते. कणाने त्याला फक्त चांगली वाट दिली.

मेंदूसाठी कणाला आणखी दोन गोष्टी साधाव्या लागतात: यकृत आणि प्लीहा यांना चुकवणे, आणि भिंत ओलांडणे. कण रक्तात पडताक्षणी प्रथिने त्याला चिकटतात आणि पुढे शरीर त्याला त्या प्रथिनांवरून ओळखते. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा लेप दिला तर चिकटणे कमी होते आणि कण जास्त वेळ फिरतो. पॉलिसॉर्बेट ८० चा लेप दिला तर विशिष्ट प्रथिन, ॲपोलायपोप्रोटीन ई, मुद्दाम चिकटवून घेता येते; मेंदूच्या अस्तरपेशी त्याला चरबीचा कण समजून आत ओढतात. बोस्टनच्या एका गटाने २०२१ साली पीएलजीएच्या कणांवर हाच लेप योग्य दाटीने देऊन इजा झालेल्या उंदरांत, भिंत उसवलेली असताना आणि पुन्हा सांधल्यावरही, नेहमीच्या कणांपेक्षा सुमारे तिप्पट माल मेंदूत पोहोचवला. तो माल वनस्पतिज नव्हता, आरएनएचा तुकडा होता. तरी माझ्या मते या क्षेत्रातले ते अतिशय मोलाचे काम आहे, कारण उशिरा आलेल्या रुग्णाचा विचार त्यात आहे. वेगळा मार्ग २०१६ साली कॅलिफोर्नियातून आला: चार अमिनो आम्लांची एक छोटी साखळी, जी जखमी मेंदूतच उघड्या पडणाऱ्या द्रव्याला चिकटते. ती कणावर जोडली की कण जखमेपाशी थांबतो.

नाकावाटे औषध देण्याचे प्रयोगही खूप होतात, आणि आपल्याकडे नस्याची परंपरा असल्याने ते पटकन पटतात. डोक्याच्या इजेत मला तो मार्ग पटत नाही. उंदराच्या नाकात गंधग्राही अस्तर साधारण निम्मी जागा व्यापते, माणसाच्या नाकात अगदी थोडी. आणि कवटीच्या तळाचे हाड मोडल्याची शंका असेल तर नाकातून नळीही घालू नये, हे अपघात विभागातल्या प्रत्येक निवासी डॉक्टरला पढवलेले असते.

मोजमापाची फसगत

‘मेंदूत दहापट जास्त औषध पोहोचले’ असे वाक्य वाचले की मी प्रथम टक्का शोधतो. कर्करोगाच्या गाठींवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा २०१६ साली आढावा घेतला गेला, तेव्हा दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघाले. गाठीच्या वाहिन्या तर गळक्या असतात. मेंदूत दहापट वाढ झाली तरी ती कशाच्या दहापट, हे कळल्याशिवाय तिला अर्थ नाही.

पुढची फसगत सूक्ष्म आहे. कण चमकावा म्हणून त्यात रंग भरतात आणि मग मेंदूत चमक मोजतात. पण रंग कणातून सुटून एकटाच मेंदूत गेला असेल तर? जखमेत रक्तस्राव असतोच. कण त्या साकळलेल्या रक्तातच अडकून चमकत असतील तर? मेंदू काढण्यापूर्वी वाहिन्या धुऊन घेतल्या होत्या का, हे म्हणूनच पाहावे लागते. आणि भिंत ओलांडली तरी पुढे पेशींमधली फट अरुंद असते. दाट लेप असलेले शंभर नॅनोमीटरपर्यंतचे कण या फटीतून सरकू शकतात, हे बाल्टिमोरच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवले. सुजलेल्या मेंदूत मात्र पेशी फुगतात आणि तीच फट आणखी आवळते.

पोहोचूनही हरलेले औषध

प्रोजेस्टेरॉनची कहाणी या विषयावर लिहिणाऱ्याने टाळू नये. १९४० च्या दशकात रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतल्या रानकंदांमधल्या डायोस्जेनिनपासून ते मुबलक बनवण्याची वाट काढली. म्हणजे औषध म्हणून त्याचे मूळही वनस्पतीत जाते. ते स्निग्धात विरघळते आणि मेंदूची भिंत सहज ओलांडते, वाहकाची गरजच नाही. इजा झालेल्या प्राण्यांत त्याचे निकाल उत्तम होते. २०१४ च्या डिसेंबरात दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकदमच प्रसिद्ध झाले. एकीत ८८२ रुग्ण होते आणि औषध चार तासांच्या आत सुरू केले होते. दुसरीत ११९५ रुग्ण. दोन्हींत प्रोजेस्टेरॉनचा फायदा दिसला नाही. त्याआधी २००४ साली दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत स्टेरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांतले मृत्यू २१.१ टक्के होते, न दिलेल्यांत १७.९ टक्के. तोवर जगभरचे डॉक्टर सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड सद्भावनेने देत होते.

हे लक्षात ठेवून कुर्क्युमिनच्या पुराव्याकडे पाहावे. २००६ सालचा लॉस एंजलिसचा प्रयोग वारंवार सांगितला जातो: कुर्क्युमिन खाल्लेल्या उंदरांत मारानंतरचे ऑक्सिडीकरण आणि स्मृतीची हानी कमी दिसली. त्या उंदरांना कुर्क्युमिन चार आठवडे आधीपासून दिले होते. अपघात होणार हे महिनाभर आधी कळणारा रुग्ण नसतो. २०१४ साली लखनौच्या संशोधकांनी पीएलजीए कणांतून कुर्क्युमिन देऊन उंदरांच्या मेंदूत नव्या चेतापेशींची निर्मिती वाढल्याचे दाखवले. काम चांगले आहे, पण ते अल्झायमरच्या प्रतिकृतीतले आहे, माराचे नव्हे. आणि २०१७ साली औषधरसायनज्ञांच्या एका गटाने कुर्क्युमिनचा सविस्तर पंचनामा केला. हा रेणू अस्थिर आहे, अनेक प्रथिनांना कसाही चिकटतो, आणि स्वतः चमकत असल्याने चाचण्यांत खोटे होकार देतो, असे त्यांनी लिहिले. मला हे गंभीर वाटते. अस्थिरता हा दोष कण झाकू शकतो. कसेही चिकटणे हा दोष कण झाकू शकत नाही. उलट मेंदूत जास्त माल पोहोचला तर तो जास्त उघड होईल.

वाहकाची जबाबदारी

जानेवारी १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. एकतीस वर्षांनी, २०१७ साली, अमेरिकेत कुर्क्युमिनचे इंजेक्शन शिरेतून घेतल्यावर एका स्त्रीचा मृत्यू झाला. सरकारी तपासणीत कुर्क्युमिन नगण्य निघाले. ते विरघळवायला वापरलेला एरंडेलजन्य द्रावक औषधी दर्जाचा नव्हता आणि त्यात तेच डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. हळद सात्त्विक आहे म्हणून तिचे इंजेक्शन सात्त्विक ठरत नाही.

कण निरुपद्रवी असला तरी तो निष्क्रिय असेलच असे नाही. शिकागोच्या संशोधकांनी २०२० साली ऋणभारित पीएलजीए कण, आत कोणतेही औषध न भरता, मार दिलेल्या उंदरांना दिले. रक्तातल्या दाहक पेशी त्या कणांच्या मागे लागून प्लीहेकडे वळल्या, मेंदूत कमी पोहोचल्या आणि मेंदूची हानी घटली. म्हणजे ‘कुर्क्युमिन भरलेल्या कणांनी फायदा झाला’ हे वाक्य रिकाम्या कणांच्या गटाशी तुलना केल्याशिवाय अपुरे आहे. या विषयावरचा कोणताही शोधनिबंध हाती आला तर वाचकाने तो गट आधी शोधावा. नसेल तर श्रेय कुणाचे हे ठरवता येत नाही.

पुढची पायरी काय असावी, याबद्दल माझे मत असे आहे. उंदराचा मेंदू दोन ग्रॅमचा आणि वळ्या नसलेला; माणसाचा तेराशे-चौदाशे ग्रॅमचा, वळ्यांचा, आणि मार लागला की याच वळ्यांच्या तळाशी ताण एकवटतो. तेव्हा डुक्कर किंवा मेंढीसारख्या वळ्यांचा मेंदू असलेल्या प्राण्यांत, इजेनंतर चार ते सहा तासांनी औषध देऊन, रिकामा कण, मोकळे औषध आणि भरलेला कण असे तीन गट आंधळ्या पद्धतीने, म्हणजे कोणता गट कोणता हे मोजणाऱ्याला कळू न देता, तोलले जावेत. माणसांत हजारो रुग्णांच्या चाचणीकडे धावण्याआधी औषध पोहोचते का एवढेच मोजणारी लहान चाचणी व्हावी. मेंदूत बारीक नळी ठेवून पेशींभोवतीच्या द्रवाचे नमुने घेण्याची सोय काही न्यूरो-आयसीयूंत असते, पण कुर्क्युमिनसारखा स्निग्ध रेणू त्या नळीलाच चिकटतो आणि आकडा खोटा कमी येतो. त्याहून विश्वासाचा मार्ग शस्त्रक्रियेत आहे. रक्ताळून मृत झालेला मेंदूचा भाग दाब कमी करण्यासाठी काढावाच लागतो. शस्त्रक्रियेपूर्वी कण दिले असतील, तर काढलेल्या त्या भागात औषध किती, कण किती आणि नुसते रक्त किती, हे वेगवेगळे मोजता येते. रुग्ण बेशुद्ध असल्याने संमती नातेवाइकांची घ्यावी लागेल. या चाचणीतून त्यांच्या माणसाला फायदा होईल असे आश्वासन त्यांना देता येणार नाही, आणि हे सही घेण्यापूर्वी, त्यांच्या भाषेत, स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे.